घासल्याने वीज निर्माण होत नाही

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचे नाव ऐकून काही विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला इथून दिसत आहेत. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की वीज निर्माण होते, असे आपण लहानपणापासून पाठ करीत आलो. जुन्या पुस्तकांत या विजेला 'घर्षणविद्युत' म्हणत, आता 'स्थितिक विद्युत' म्हणतात. परीक्षेत तसे लिहिले तर गुण मिळतात, आणि उद्याही मिळतील. माझी तक्रार त्या वाक्यातल्या 'निर्माण' या एकाच शब्दाबद्दल आहे. या शब्दाने मुलांच्या मनात असे चित्र उभे राहते की कंगव्यात काहीच नव्हते, केसांतही काहीच नव्हते, आणि घासताच कुठूनतरी एक शक्ती अवतरली. कुठूनतरी अवतरणाऱ्या गोष्टींची आपल्या घरांतून मग काय काय कारणे लावली जातात, ते पुढे सांगणारच आहे.

मी वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. विज्ञानाच्या विषयावर याने का बोलावे, अशी शंका रास्त आहे. त्याचे उत्तर असे की मी या विषयाकडे प्रयोगशाळेच्या दाराने आलोच नाही, शब्दकोशाच्या दाराने आलो. आपल्यातले कितीतरी भाऊ सौदी अरबस्तान, कुवेत, दुबईकडे नोकरीला आहेत. त्यांना विचारा, तिथे विजेला काय म्हणतात? 'कहरबा' म्हणतात. वीज कंपनीच्या पाटीवर आणि बिलावर हाच शब्द असतो. मूळ शब्द फारसी, 'काह-रुबा'. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे हिसकावून घेणारा. काडी पळवणारा! हे नाव आहे एका पिवळसर, मधासारख्या दिसणाऱ्या मण्याचे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा चीक जमिनीत गाडला जाऊन दगडासारखा कठीण झाला, तोच हा कहरुबा. बुजुर्गांच्या हातात कहरुब्याची तसबीह तुम्ही पाहिली असेल. कपड्यावर घासला की तो बारीक काडी, पीस, कागदाचा कपटा ओढून घेतो. अकराव्या शतकात अल्-बिरूनी यांनी रत्ने व खनिजे यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यातही त्याची नोंद आहे.

आता गंमत पाहा. संस्कृतात याच मण्याला 'तृणमणी' म्हणतात. तृण म्हणजे गवत. पुन्हा तीच काडी! आणि ग्रीक भाषेत त्याला 'इलेक्ट्रॉन' असे नाव होते. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट या डॉक्टरने १६०० साली चुंबकावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने दाखवून दिले की हा गुण फक्त कहरुब्याचा नाही. काच, गंधक, लाख, कितीतरी रत्ने घासली की हलक्या वस्तू ओढतात. या सगळ्यांना त्याने ग्रीक शब्दावरून 'इलेक्ट्रिक' म्हटले. म्हणजे आज आपण ज्याला इलेक्ट्रिसिटी म्हणतो, ते नाव एका तसबीहच्या मण्याने दिलेले आहे.

जाता जाता बाजारातली एक गोष्ट सांगून ठेवतो. काही विक्रेते तसबीह बाहीवर घासतात, तिने कागदाचा तुकडा उचलून दाखवतात आणि म्हणतात, "देखो जनाब, असली कहरुबा!" ही परीक्षा खोटी आहे. पाच रुपयांचा प्लास्टिकचा मणीही घासल्यावर कागद उचलतो. या परीक्षेवर विसंबून पैसे मोजू नका.

तर मग, घासल्यावर होते तरी काय? प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या मधोमध केंद्रक असते, त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन असतात. भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात. दोघांची संख्या सारखी, म्हणून बाहेरून काही जाणवत नाही. आपल्या संस्थेच्या ताळेबंदात जमा आणि खर्च बरोबर आले की शिल्लक शून्य दिसते, पण त्याचा अर्थ वर्षभर व्यवहारच झाला नाही असा होत नाही. कंगव्याचेही तसेच आहे. त्यात वीज भरपूर आहे, पण ती बरोबरीने कापली गेलेली आहे. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकतात, तेव्हा एकाचा थोडा प्रभार दुसऱ्याकडे जातो. ते दूर झाले की एकाकडे काही जास्त राहते आणि दुसऱ्याकडे तेवढेच कमी. नवे काही जन्माला आले नाही. होते त्याची वाटणी बिघडली, इतकेच.

आणि हे बिघडलेले प्रमाण किती? विद्युतप्रभार मोजण्याचे एकक कुलॉम. त्याच्या अब्जाव्या भागात सुमारे ६ अब्ज २४ कोटी इलेक्ट्रॉन मावतात. घासलेल्या कंगव्यावर असे थोडेच अब्जांश असतात. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, पण कंगव्यात एकंदर जितके इलेक्ट्रॉन आहेत त्यांच्यापुढे हा हिशोब विहिरीतल्या थेंबाइतकाही नाही. तेवढ्यावर कागद उड्या मारतो!

आता कोणी विचारील, घासायची गरज नसेल तर घासतात कशाला? वस्तू वरून गुळगुळीत दिसल्या तरी त्यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो. नुसत्या टेकवल्या तर फार थोड्या ठिकाणी खरोखर एकमेकींना लागतात. घासल्याने लागण्याच्या जागा वाढतात, म्हणून परिणाम जास्त दिसतो. पण नुसते चिकटवून ओढले तरी चालते, आणि याचा पुरावा प्रत्येक दप्तरात आहे. चिकटपट्टीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या, टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा आणि झटकन उपटून काढा. दोन्ही हातांत एकेक धरून जवळ आणा. ते एकमेकांपासून दूर पळतील, कारण दोघांवर एकाच जातीचा प्रभार आला आहे. इथे कोणी काही घासले का? म्हणून 'घर्षणविद्युत' हे नाव गेले ते बरे झाले, असे माझे मत आहे.

दुसरा पुरावा फुग्याचा. फुगा स्वेटरवर घासून सोडा. तो त्याच स्वेटरला जाऊन चिकटतो. फुग्याने जे घेतले ते स्वेटरने दिले. एक धन, एक ऋण, म्हणून ओढ. पण कागदाच्या कपट्याने तर कोणाशी देवाणघेवाण केलेली नसते, तो का ओढला जातो? कंगवा जवळ आला की कागदातल्या कणांची किंचित सरकासरक होते. कंगव्याच्या विरुद्ध जातीचा प्रभार जवळच्या कडेला येतो आणि सारख्या जातीचा लांबच्या कडेला जातो. जवळच्याची ओढ लांबच्याच्या रेट्यापेक्षा जास्त भरते. काही कपटे कंगव्याला चिकटतात आणि क्षणभराने टुणकन उडून जातात तेही पाहा. कंगव्याला लागून त्यांच्यावरही कंगव्याच्याच जातीचा प्रभार आलेला असतो.

कोण देणारा आणि कोण घेणारा, याची यादी योहान कार्ल विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ साली प्रथम मांडली. आजच्या याद्यांत काच, केस, लोकर ही साधारणपणे इलेक्ट्रॉन देणाऱ्यांच्या बाजूला असतात. रबर, पॉलिथिन, टेफ्लॉन घेणाऱ्यांच्या बाजूला. पण ही यादी पाढ्यासारखी पक्की समजू नका. पृष्ठभाग मळका असला, ओला असला, की क्रम बदलतो. शिवाय प्लास्टिकसारख्या दुर्वाहक पदार्थांत सरकतो तो इलेक्ट्रॉनच, की भारित अणुरेणू, की पदार्थाचेच सूक्ष्म कण, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की भारित पृष्ठभागावर सगळीकडे एकच जातीचा प्रभार नसतो. धन आणि ऋण यांचे बारीक ठिपके गोधडीसारखे मिसळलेले असतात, आणि आपल्याला जाणवते ती त्यांची बेरीज. २०२५ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी आणखी विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. एकाच पदार्थाचे सारखे तुकडे घेऊन ते एकमेकांना पुन्हा पुन्हा टेकवले, तर कोणता तुकडा देणार आणि कोणता घेणार हे त्या तुकड्याला आधी किती वेळा टेकवले होते यावर अवलंबून असल्याचे दिसले. विद्यार्थी मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. कंगवा आणि कागद हा सातवीतला प्रयोग. पण त्याच्या पोटातला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सर्व शोध लागून संपले, आता आपल्याला काय उरले, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हा प्रयोग कित्येकांचा फसतो, त्याचे कारण पावसाळा. शाळा जूनमध्ये उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा धडा आला आणि हवेत ओल असली की कंगवा कितीही घासा, कागद ढिम्म हलत नाही. दमट हवेत वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार निसटून जातो. दुसरे कारण जरा नाजूक आहे. आपल्या मातोश्री सकाळी मुलांच्या डोक्यावर जे तेल थापतात, त्या केसांवर कंगवा फारसा भारित होत नाही. प्रयोगाच्या दिवशी डोके धुऊन, केस कोरडे करून यावे! मग मुले म्हणतात, पुस्तकातले खोटे. शिक्षक म्हणतात, वाचून घ्या. दोघांनीही जानेवारीपर्यंत थांबले पाहिजे. आपल्या मालेगाव-धुळ्याच्या पट्ट्यात थंडीतली हवा इतकी कोरडी असते की या प्रयोगासाठी मुंबई-कोकणच्या शाळांनी आपला हेवा करावा.

मागावर काम करणाऱ्या पालकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. निव्वळ सुती मालाच्या जागी पॉलिएस्टरचे सूत आले आणि एक नवाच त्रास सुरू झाला. कोरड्या दिवसांत ताण्याचे धागे एकमेकांपासून फाकतात, तूस उडून सुताला चिकटते, हात लावला की चिमटा बसल्यासारखे होते. सूत लोखंडावरून, चिनीमातीच्या कड्यांवरून सारखे घासत जाते आणि भारित होते. सगळ्या धाग्यांवर एकाच जातीचा प्रभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. शेडमध्ये पाणी मारले, हवा दमट ठेवली की त्रास कमी होतो. मुलांनो, आज घरी गेल्यावर अब्बांना विचारा की पाणी का मारतात. कापसाच्या धाग्याला ओल मिळाली की तो मजबूत होतो आणि कमी तुटतो, हे एक कारण ते सांगतील. दुसरे कारण तुम्ही त्यांना सांगा.

सूत आणि रंग यांच्याच धंद्यातल्या एका माणसाने या शास्त्राला मोठे वळण दिले. स्टीफन ग्रे हा इंग्लंडातल्या कँटरबरी गावचा रंगरेज. बाप रंगरेज, आणि हाही त्याच धंद्यात वाढला. उतारवयात लंडनच्या चार्टरहाऊस या धर्मादाय वास्तूत त्याला आसरा घ्यावा लागला होता. त्याच्याजवळ एक काचेची नळी होती, आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला बुचे लावलेली. १७२९ साली नळी घासताना त्याच्या ध्यानात आले की पीस काचेकडे जावे ते बुचाकडेही जाते. बूच तर घासलेले नव्हते! म्हणजे हा गुण एका वस्तूतून दुसरीत जातो. मग त्याने बुचात काठी खोचली, काठीच्या टोकाला हस्तिदंती गोळी लावली, पुढे अंबाडीसारखी सुतळी बांधली, आणि गुण पुढे पुढे जात राहिला. सुतळी आडवी नेण्यासाठी ती मध्येमध्ये टांगावी लागे. सुतळीनेच टांगली तर गुण वाटेतच नाहीसा व्हायचा. ग्रॅनव्हिल व्हीलर या त्याच्या मित्राने सुचवले, रेशमाच्या दोऱ्याने टांगून पाहू. रेशीम बारीक असते, त्यातून कमी निसटेल. प्रयोग साधला. पण पुढे भाराने रेशीम तुटले, तेव्हा त्यांनी तेवढीच बारीक पितळी तार लावली, आणि गुण पार नाहीसा झाला! तेव्हा उलगडले की प्रश्न जाडी-बारकाईचा नाहीच. रेशीम विजेला वाट देत नाही, पितळ देते. सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद आज आपली मुले दोन ओळींत पाठ करतात. तो एका तुटलेल्या रेशमी दोऱ्यातून हाती आला. त्यानंतर त्यांनी ७०० फुटांहून अधिक अंतरापर्यंत हा गुण नेऊन दाखवला. १७३० साली ग्रेने एका लहान मुलाला दोरांवर आडवे टांगून त्याच्या पायाजवळ घासलेली नळी धरली, तेव्हा पितळेच्या वर्खाचे तुकडे मुलाच्या चेहऱ्याकडे उडाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले पहिले कोप्ले पदक १७३१ साली या रंगरेजाला दिले.

ग्रेनंतर चारच वर्षांत फ्रान्सच्या द्यु फे याने ओळखले की प्रभार दोन जातींचे आहेत. त्यांना धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिनने दिली. आकाशातली वीज आणि घासलेल्या काचेची वीज एकच, हे त्याच्याच सूचनेवरून १७५२ साली सिद्ध झाले. ढगात बर्फाचे कण आणि लहान गारा एकमेकांवर आदळून प्रभार वेगळा होतो. म्हणजे तिथेही कंगवा आणि केसच, फक्त माप प्रचंड. आपल्या मराठीने तर आकाशातली आणि बल्बमधली, दोघींना 'वीज' असे एकच नाव देऊन हा वाद मिटवूनच टाकला आहे.

आता ती घरातली गोष्ट. काही हिवाळ्यांपूर्वी एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. मुलगी रात्री अंधारात स्वेटर काढू लागली की चर्र चर्र आवाज होतो आणि अंगाभोवती निळ्या ठिणग्या दिसतात, असे तिचे म्हणणे. शेजारणींनी 'असर' झाल्याचे ठरवले होते. मुलगी संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला चिंचेखालून येते, तिथेच काही झाले असावे, असा निष्कर्ष निघाला होता. अभ्यासवर्ग बंद झालाच होता. आता शाळाही बंद करावी, असे घरात चालले होते. दादींनी दुआ पढून दम केला होता. दुआ करणे हा घरच्या वडीलधाऱ्यांचा हक्क आहे, त्याला माझा कधीच आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो शाळा बंद करण्याला.

मी म्हटले, "आपा, मुलीला आज दुसऱ्या खोलीत बसवा. तोच स्वेटर पॉलिएस्टरचा अभ्रा घातलेल्या लोडावर चढवा, वरून चांगला चोळा, दिवा घालवा आणि झटक्याने ओढून काढा." दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हसतच. "सर, लोडालाही असर झाला!" मग त्यांना सांगितले, रात्री खोलीत ओला टॉवेल वाळत घाला आणि मुलीला आतून सुती कपडा द्या. ठिणग्या कमी झाल्या. स्वेटर नकली लोकरीचा, आतला कमीज टेरिकॉटचा, हवा कोरडी. एवढाच मामला होता. मुलगी पुढच्या आठवड्यात अभ्यासवर्गाला येऊ लागली. पालकहो, त्या आपांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, शेजारणींच्याही ठेवला नाही. लोडावर स्वेटर चढवून पाहिला.

तरी त्या ठिणगीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिथे खरा धोकाही आहे. कोरड्या हवेत एक मिलिमीटर ठिणगी उडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. घरच्या विजेचा दाब २३० व्होल्ट, तरी ती जीव घेते, आणि स्वेटरची ठिणगी नुसती चिमटा काढते. असे का? दाब म्हणजे उंची समजा. चौथ्या मजल्यावरून पडलेला पाण्याचा एक थेंब डोके फोडत नाही. उंची आहे, पण पाणी थेंबभर आहे. घरच्या विजेमागे मात्र अख्खे धरण उभे असते. म्हणून स्वेटरला भिऊ नका आणि बोर्डाच्या छिद्रात खिळा घालू नका.

पण पेट्रोलची वाफ थेंबानेही पेटते. हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेली ती वाफ पेटायला लागणारी ऊर्जा अंगावरून उडणाऱ्या ठिणगीपेक्षाही कमी असू शकते. आपल्याकडे पोरे प्लास्टिकची बाटली किंवा डबा घेऊन पेट्रोल आणायला जातात. प्लास्टिक दुर्वाहक, पेट्रोल ओतताना घासून जो प्रभार साचतो त्याला जमिनीत जायला वाट नसते. पंपावर टँकर रिकामा करण्याआधी तो तारेने जमिनीला जोडतात, ते याचसाठी. लाखो रुपयांच्या टँकरला जी काळजी, ती आपल्या मुलाला नको का? मुलाला बाटली देऊन पाठवू नका. मोटारसायकल ढकलत नेलेली बरी.

आता झेरॉक्सविषयी. शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखला, गुणपत्रिका, यांच्या झेरॉक्स काढताना आपल्यापैकी प्रत्येकाचे पैसे आणि तास गेलेले आहेत. ते यंत्रही या काडी पळवणाऱ्या मण्याचेच वंशज आहे. चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतल्या एका न्हाव्याचा मुलगा. वडिलांना संधिवात आणि क्षय, घरात दारिद्र्य; हा कोवळ्या वयापासून मिळेल ते काम करून घर चालवी. तरी शिकला, पदार्थविज्ञानाची पदवी घेतली, आणि पेटंटच्या कचेरीत नोकरीला लागला. तिथे कागदपत्रांच्या नकला हाताने करून करून जीव मेटाकुटीला येई, तेव्हा नकल करण्याची सोपी रीत शोधण्याचा त्याने ध्यास घेतला. न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागातल्या एका खोलीत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याने आणि ऑटो कॉर्नाय या ऑस्ट्रियाहून आश्रयाला आलेल्या शास्त्रज्ञाने एक जस्ताचा पत्रा घेतला, त्यावर गंधकाचा थर दिला आणि अंधार करून तो साध्या हातरुमालाने घासला. होय, हातरुमालानेच! मग काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि 'अस्टोरिया' हा शब्द लिहून ती पट्टी थरावर ठेवली आणि काही सेकंद प्रखर दिवा लावला. जिथे उजेड पडला तिथला प्रभार गंधकातून निसटून गेला. अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वर बारीक पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. पूड फक्त अक्षरांवर उरली. मेणकागद दाबून ती उचलली, आणि पहिली झेरॉक्स तयार झाली.

त्यानंतर २० हून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. साध्या कागदावर नकला काढणारे पहिले व्यापारी यंत्र बाजारात यायला १९५९ साल उजाडले. आजच्या यंत्रात रुमाल नाही. पत्र्याच्या जागी फिरता रूळ असतो आणि त्यावर दाबाच्या विजेने प्रभार चढवतात. पण आतली काळी पूड मात्र आजही घुसळून, घासूनच भारित केली जाते. झेरॉक्सचा ताजा कागद हातात गरम लागतो, ती पूड वितळवून कागदावर बसवल्याची ऊब असते. गठ्ठ्यातले कागद एकमेकांना चिकटतात, ते का, हे आता तुम्हीच सांगाल.

प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञान घेता येत नाही, असे पालक मला सांगतात. मोठ्या प्रयोगांना प्रयोगशाळा हवीच, आणि संस्थेने ती वाढवावी अशी माझी विनंती आजच्या सभेतही आहे. पण आज मी जे सांगितले त्याला कंगवा, फुगा, चिकटपट्टी, जुना स्वेटर आणि नळाची बारीक धार एवढे पुरते. धारेजवळ घासलेला कंगवा धरला तर पाणी वाकते. ते पाहिलेले नसेल तर आज रात्रीच पाहा, वीज गेलेली असली तरी अडत नाही.

हे सर्व सामान शेजारच्या वर्गात दोन टेबलांवर मांडून ठेवले आहे. हवा कोरडी आहे, फुगे पुरेसे आहेत. खिडक्यांना काळा कागद लावला आहे, तेव्हा लोड आणि स्वेटरचा प्रयोगही दाखवता येईल. मागच्या खेपेस मुलांनीच टेबले अडवून धरली होती, म्हणून आज पहिला अर्धा तास फक्त मुलींसाठी आणि त्यांच्या मातांसाठी ठेवला आहे. मुलांनी तोवर बाहेर रांगेत चिकटपट्टीचा प्रयोग करावा. पट्टीची रिळे दारात शिपाई मामांकडे आहेत, ती त्यांच्याकडेच परत द्यावीत.